सीएनसी मशीनची सफाई आणि सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारे) लेथ, व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे मिलिंग मशीन), बँडसॉ (पट्टीची करवत) अशी मशीन असलेल्या लहान-मध्यम शॉपमध्ये रोज निघणारे हे प्रश्न आहेत. इथले आकडे सर्वसाधारण वापराचे आहेत. तुमच्या मशीनच्या किंवा कूलंटच्या (कापताना सोडायचे तेल-पाण्याचे मिश्रण) पुस्तिकेत वेगळे दिले असेल तर पुस्तिकेचे ऐका.

चिप्स काढायला एअर गन मारली तर बिघडते काय?

मशीनचेही बिघडते आणि माणसाचेही. कॉम्प्रेसरच्या लाइनला ६-७ बार दाब असतो. त्या दाबाने चिप्स (कापलेल्या धातूचे तुकडे) मशीनबाहेर कमी जातात आणि आत जास्त घुसतात : टेलिस्कोपिक कव्हरच्या (एकात एक सरकणारे पत्रे) वायपरखाली (कडेची रबरी पट्टी), गाईडवेवर (मशीनचे भाग सरकतात तो मार्ग), बॉलस्क्रूच्या (ते भाग सरकवणारा स्क्रू) नटापाशी, स्पिंडलच्या (टूल किंवा जॉब फिरवणारा दांडा) तोंडाच्या सीलमध्ये. वायपरच्या रबरात एक बारीक चिप अडकली की अ‍ॅक्सिस (मशीनचा सरकणारा भाग) जितक्या वेळा पुढेमागे होईल तितक्या वेळा ती कव्हरवर आणि गाईडवेवर ओरखडा ओढते. वायपर फाटल्यावर कूलंट खाली उतरतो, स्लाईडवेचे (गाईडवेचेच दुसरे नाव) तेल धुऊन नेतो आणि पुढे अचूकता जाते. मग सगळे बॅकलॅशची (स्क्रूतल्या ढिलाईची) कारणे शोधत बसतात.

माणसाच्या बाबतीत पहिला धोका डोळ्याला, आणि बहुतेकदा गन मारणाऱ्याच्या नव्हे तर पलीकडच्या मशीनवरच्या माणसाच्या. शिफ्ट सुटताना त्याच गनने अंगावरचे कपडे झाडायची सवय तर पूर्ण बंद करावी. कातडीवर लहानशी जखम असली तरी तिथून हवा आत शिरू शकते. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत सफाईच्या हवेचा दाब ३० पीएसआयच्या (सुमारे २ बार) खाली ठेवण्याची अट आहे. आपल्या साध्या गनमध्ये त्याच्या तिप्पट दाब असतो.

हवेऐवजी कूलंटची वॉश गन, नायलॉनचा ब्रश, हूक, पत्र्याची खरवडणी आणि जमले तर इंडस्ट्रियल व्हॅक्यूम वापरा. हवा लागलीच तर ती तयार जॉब (मशीनवर घडवलेला भाग) वाळवायला, मशीनच्या बाहेर, रेग्युलेटर २ बारवर ठेवून आणि चष्मा लावून.

शिफ्ट संपताना रोज नेमके काय करायचे?

पंधरा मिनिटांचे काम आहे, पण क्रम महत्त्वाचा. स्पिंडल पूर्ण थांबू द्या, अ‍ॅक्सिस अशा जागी आणा की टेबल किंवा टरेटच्या (फिरून टूल बदलणारे डोके) मागचा भाग हाताला येईल, मग इमर्जन्सी दाबून दार उघडा. सफाई नेहमी वरून खाली : आधी छत आणि दाराची आतली बाजू, मग टरेट किंवा स्पिंडल हेड, चक (जॉब पकडणारे तोंड), कव्हर आणि शेवटी चिप ट्रे. खालून सुरुवात केली तर वरची घाण पुन्हा खालीच येते आणि काम दुप्पट होते.

टेलिस्कोपिक कव्हरवरच्या चिप्स ब्रशने अ‍ॅक्सिसच्या दिशेने ओढा, आडव्या घासू नका. त्या कव्हरवर पाय देऊन उभे राहू नका. पत्रा दिसायला जाड वाटला तरी माणसाच्या वजनाने वाकतो, मग आत घासतो आणि एके दिवशी सर्वो ओव्हरलोडचा अलार्म देतो.

शेवटी तीन गोष्टी बघा : ल्युब्रिकेशन टाकीची पातळी, हायड्रॉलिकचा दाब आणि कूलंटची पातळी. ल्युब्रिकेशनची टाकी आठवडाभर तेवढीच भरलेली दिसत असेल तर आनंद मानू नका. पंप बंद आहे, लाइन चोक आहे किंवा डिस्ट्रिब्यूटर अडकला आहे. स्लाईडवेला स्लाईडवेचेच तेल घाला. सहसा आयएसओ व्हीजी ६८ (तेलाच्या दाटपणाचा दर्जा) लागते. उरलेले हायड्रॉलिक तेल तिथे ओतायची काटकसर महागात पडते, कारण ते पृष्ठभागाला धरून राहत नाही.

चकला गुंडाळलेली लांब चिप हाताने काढली तर चालते का?

नाही. स्टीलची लांब चिप म्हणजे दोन्ही कडांना धार असलेली पट्टी. चकभोवती आठ-दहा वेढे पडलेले असतात, रंग निळसर झालेला असतो आणि टोक कुठे आहे ते दिसत नाही. स्पिंडल थांबवायचा, दार उघडायचे आणि हुकाने ओढायची. हुकाच्या मुठीपाशी पत्र्याची गोल ढाल हवी, म्हणजे सुटलेली चिप मनगटावर येत नाही. हुकाचे मागचे टोक गोल कडीचे करू नका. कडीत बोट अडकवून ओढायची सवय लागते आणि चिप कशात अडकली तर बोटही जाते.

मुळात अशी चिप येतेच का, ते बघा. बहुतेक वेळा फीड (एका फेऱ्यात टूल पुढे सरकते ते अंतर) कमी ठेवलेला असतो. एमएस किंवा ईएन-८ या पोलादांच्या रफिंगला (सुरुवातीच्या जाड कापणीला) ०.१ मि.मी. प्रति फेरा फीडवर चिप तुटत नाही. इन्सर्टच्या (टूलचा कापणारा तुकडा) चिपब्रेकरला (त्यावरची चिप तोडणारी खाच) साजेसा, बऱ्याचदा ०.२ ते ०.३, फीड दिला की ती ‘सी’सारखी तुटून पडते. फिनिशिंगला रफिंगचा इन्सर्ट लावला तर कटची खोली चिपब्रेकरपर्यंत पोहोचत नाही आणि पुन्हा तेच भेंडोळे. ड्रिलिंगमध्ये पेक सायकल (ड्रिल थोडे आत, पुन्हा बाहेर, असे टप्प्याने) द्या.

हातमोजे घालायचे की नाही?

स्पिंडल फिरत असेल, ड्रिल मशीन किंवा साधा लेथ चालू असेल तर अजिबात नाही. मोजा अडकला की हात ओढला जातो. बंद मशीनमधून चिप्स भरताना, भंगार उचलताना, इन्सर्ट किंवा कटर हाताळताना कट-प्रतिरोधक मोजे जरूर घाला. लोंबती बाही, मफलर, गळ्यातली साखळी, मनगटावरचा दोरा यांनाही हाच नियम. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे घट्ट असावेत, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच (कलम २२, २०२५ पर्यंत लागू) लिहिलेले होते.

दाराच्या स्विचमध्ये (दार बंद असले तरच मशीन चालू देणारा सुरक्षा स्विच) जादा चावी घालून ठेवली तर सेटिंग पटकन होते. त्यात चूक काय?

कारण ती चावी सेटिंग संपल्यावर कोणी काढत नाही. सेटरने सोयीसाठी घातलेली चावी रात्रपाळीच्या हेल्परला माहीत नसते. तो दार उघडतो आणि मशीन थांबेल असे गृहीत धरतो.

दार उघडे असताना खरेच काम करायचे असेल तर त्यासाठी मशीनवर सेटिंग मोड असतो : कमी आरपीएम, कमी फीड आणि बटण दाबून धरले तरच हालचाल. तो मोड वापरा. जादा चाव्या मालकाच्या किंवा मेंटेनन्सच्या कपाटात कुलपात असाव्यात. महिन्यातून एकदा प्रत्येक दाराची चाचणी घ्या : दार उघडे ठेवून स्पिंडल स्टार्ट दिला तर तो सुरू होता कामा नये, आणि स्पिंडल फिरताना दार उघडता येता कामा नये. वायर जोडून स्विच ‘डायरेक्ट’ केलेला सापडला तर दुरुस्तीपर्यंत ते मशीन उभे ठेवा. तीनशे रुपयांचा स्विच असो की तीन हजारांचा, इथे घासाघीस नको.

सुट्टीनंतर शॉप उघडले की कूलंटला कुजका वास का येतो?

मशीन चालू असताना कूलंट फिरत राहतो, त्यात हवा मिसळते. मशीन बंद झाले की स्लाईडवेचे आणि हायड्रॉलिकचे गळलेले तेल वर तरंगून त्याची साय धरते आणि खाली ऑक्सिजन पोहोचत नाही. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू तेवढ्या वेळात फोफावतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नासक्या अंड्यासारखा वास तो हाच. मशीन सुरू केल्यावर वास दोन तासांत विरतो. त्यामुळे ‘बरे झाले’ असे वाटते, पण जिवाणू तिथेच असतात आणि पीएच हळूहळू खाली येत असतो.

उपाय चार ठिकाणी करावा लागतो. तरंगते तेल रोज काढा. बेल्ट किंवा डिस्क स्किमर असेल तर शिफ्ट सुरू होण्यापूर्वी, कूलंट स्थिर असताना तासभर चालवा. चालू पंपात तेल ढवळले जाते आणि स्किमरला फारसे काही मिळत नाही. टाकीच्या तळाचा गाळ काढा, जिवाणूंचे घर तिथे आहे. टक्केवारी (पाण्यातले कूलंटच्या तेलाचे प्रमाण) सांभाळा, पातळ कूलंट आधी नासतो. आणि टाकीत चहाचे उरलेले घोट, तंबाखूची थुंकी, गुटख्याच्या पुड्या, फरशी पुसलेले पाणी जाऊ देऊ नका. हे शेवटचे लिहायला नको वाटते, पण टाकी उपसताना सगळ्यात जास्त हेच निघते.

फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर ओतू नका. ब्लीचिंगमधल्या क्लोराइडने जॉब आणि मशीन दोन्ही गंजतात. बायोसाइड (जिवाणूनाशक) घालायचे असेल तर कूलंट पुरवठादाराने सांगितलेलेच, मोजून आणि मोजे-चष्मा घालून.

कूलंटची टक्केवारी कशी मोजायची आणि किती ठेवायची?

रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून प्रमाण दाखवणारे उपकरण). आधी साध्या पाण्याच्या थेंबावर शून्य जुळवा, मग कूलंटचा थेंब काचेवर ठेवून ब्रिक्स (उपकरणाच्या पट्टीवरचा आकडा) वाचा. पण वाचलेला आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. त्याला कूलंटच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेल्या फॅक्टरने गुणावे लागते. फॅक्टर १.५ असेल आणि वाचन ४ असेल तर टक्केवारी ६. हा गुणाकार विसरून कित्येक शॉपमध्ये गरजेपेक्षा दीडपट तेल ओतले जाते. रेषा धूसर दिसली तर तरंगते तेल मिसळलेले आहे, नमुना थोडा वेळ स्थिर ठेवून खालचा थेंब घ्या.

सर्वसाधारण टर्निंग-मिलिंगला ५ ते ८ टक्के, ग्राइंडिंगला ३ ते ४. पीएच ८.५ ते ९.५ च्या दरम्यान हवा. त्याखाली गेला तर जिवाणू आणि गंज, वर गेला तर हाताची आग.

टाकीतून रोज मुख्यतः पाणी उडते, तेल नाही. म्हणून भर घालताना २-३ टक्क्यांचे पातळ मिश्रण घाला, निव्वळ पाणी नको. टक्केवारी खरोखर उतरली असेल तर हिशोब करा. समजा २०० लिटरच्या टाकीत १७५ लिटर आहे आणि तो ४.५ टक्के भरतो, म्हणजे तेल सुमारे ७.९ लिटर. पूर्ण टाकीला ६ टक्क्यांनी १२ लिटर हवे. तेव्हा २५ लिटरची भर घालताना त्यात चार लिटरच्या आसपास तेल पाहिजे. मिश्रण बादलीत करा आणि नेहमी तेल पाण्यात ओता. उलटे केले तर घट्ट दह्यासारखे गोळे होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत.

बोअरचे जड पाणी वापरत असाल तर लक्षात घ्या, पाणी उडते आणि क्षार टाकीतच राहतात. दर भरीनिशी कडकपणा वाढतो, साबणासारखा थर जमतो, कूलंट फाटतो. सुरुवात नळाच्या पाण्याने आणि रोजची भर आरओच्या पाण्याने, ही जोडी बहुतेक ठिकाणी चालते. सुरुवातीपासून फक्त आरओ घेतले तर फेस येतो.

कूलंट बदलताना नुसता उपसून नवा ओतला तर?

नवा दोन आठवड्यांत नासेल. जुन्या पाइपमधले जिवाणू त्याला आयते मिळतात. पद्धत अशी :

१. कूलंट काढण्याच्या आदल्या दिवशी जुन्या कूलंटमध्येच सिस्टिम क्लीनर घाला. बहुतेक क्लीनरना १ ते २ टक्के लागते, पण डबा वाचा. ८ ते २४ तास फिरवा. कूलंट सगळ्या नोझलमधून आणि वॉश गनमधूनही सोडा.
२. मेन स्विच बंद करून कुलूप लावा, टाकी उपसा.
३. गाळ, जाळ्या, पंपाची सक्शन बाजू आणि चिप कन्व्हेयरच्या पट्ट्याखालचा भाग हाताने साफ करा. कन्व्हेयरखालचाच राहून जातो.
४. १ टक्का ताजा कूलंट घातलेल्या पाण्याने अर्धा तास फिरवून खळबळा आणि तेही काढून टाका. नुसत्या पाण्याने खळबळले तर मशीन लगेच गंज धरते.
५. ताजे मिश्रण भरा, टक्केवारी आणि पीएच मोजून तारखेसह मशीनवर लिहा.

जमिनीखाली खड्डा असलेली मोठी सेंट्रल टाकी असेल तर वायुवीजन आणि वायूची तपासणी केल्याशिवाय माणूस खाली उतरवू नका. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नाही. हायड्रोजन सल्फाइडने नाकाची संवेदनाच बधिर होते.

वापरलेला कूलंट आणि तेल गटारात सोडता येते का?

नाही. वापरलेले तेल आणि तेल असलेला गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ५.१ आणि ५.२ या नोंदींखाली येतात. झाकणबंद, लेबल लावलेल्या ड्रममध्ये, पक्क्या फरशीवर, छपराखाली ठेवायचे आणि ९० दिवसांत अधिकृत घेणाऱ्याकडे मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीचे नोंदपत्र) पाठवायचे. वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे सामायिक प्रक्रिया केंद्रे आहेत. कमी प्रमाणामुळे गाडी परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन युनिटनी एकाच फेरीची व्यवस्था करावी, प्रत्येकाचा मॅनिफेस्ट वेगळा.

पेट्रोल, केरोसीन किंवा डिझेलने मशीन पुसले तर पटकन निघते. धोका खरेच आहे?

पेट्रोलचा विचारही नको. केरोसीन-डिझेलबद्दल ‘ते सहज पेटत नाही’ असे म्हटले जाते, आणि जानेवारीच्या सकाळी ते खरेही असेल. भारतीय मानकांत या दोन्हींचा फ्लॅश पॉइंट (पेट घेण्याजोगी वाफ सुटू लागते ते तापमान) किमान ३५ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापमान त्याच्या वर जाते. म्हणजे उघड्या ट्रेमधल्या केरोसीनवर पेट घेण्याजोगी वाफ आधीच तयार असते. पलीकडे ग्राइंडरची ठिणगी पुरते.

शिवाय ही द्रवे सील आणि वायपरची रबरे फुगवतात, कातडीचे तेल शोषून घेतात आणि कूलंटमध्ये गेली तर तो फाटतो. पाण्यात मिसळणारा सौम्य अल्कली क्लीनर किंवा ५ टक्के कूलंटचे ताजे मिश्रण ब्रशने लावून पुसा. चिकट जुना थर असेल तर उच्च फ्लॅश पॉइंटचा सॉल्व्हंट, थोडा, फडक्यावर घेऊन. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि रोज बाहेर काढा.

उन्हाळ्यात ड्राइव्ह (मोटारींना वीज देणारे युनिट) गरम होतो म्हणून विजेचे पॅनेल उघडून टेबल फॅन लावतो. बरोबर?

हा उपाय एमआयडीसीच्या दर दुसऱ्या गल्लीत दिसतो आणि पॅनेलचा जीव घेतो. शॉपच्या हवेत कूलंटचे धुके आणि बिडाची भुकटी असते. फॅन ती थेट कार्डांवर फेकतो. तेलकट थरावर धातूची धूळ चिकटली की ट्रॅक शॉर्ट होतात. शिवाय उघड्या पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट हाताच्या अंतरावर असतात.

पॅनेल का तापते ते शोधा. पॅनेलच्या एसीचा किंवा हीट एक्स्चेंजरचा फिल्टर तेलाने बंद झालेला असतो, तो दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावा. ड्राइव्हचे छोटे पंखे फिरतात का बघा. दाराचे रबर आणि केबलच्या ग्लँडची भोके बंद करा. आतली धूळ व्हॅक्यूमने काढा, हवेने उडवू नका. आणि मेन बंद केल्यावर लगेच हात घालू नका : ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटे थांबा, चार्जचा दिवा विझल्याची खात्री करा, मीटरने मोजा.

चकला रोज ग्रीस का? महिन्यातून एकदा पुरत नाही?

हायड्रॉलिक चकची पकड जॉच्या (चकच्या जबड्यांच्या) आतल्या सरकत्या भागांतल्या घर्षणावर अवलंबून असते. ग्रीस कूलंटने धुऊन गेले की गेजवर दाब तोच दिसतो, पण जॉबवर पडणारी पकड निम्म्यावरही येऊ शकते. जॉब उडतो तो असा, आणि ऑपरेटर शपथेवर सांगतो की प्रेशर बरोबर होते. रोज प्रत्येक निपलला चकचेच ग्रीस, सहसा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे, गनने भरा. मग जॉबशिवाय चक दोन-तीनदा उघड-बंद करा. साधे बेअरिंगचे ग्रीस इथे टिकत नाही. सहा महिन्यांनी चक खोलून धुवा. बीड कापत असाल तर दोन महिन्यांनी, कारण त्याची भुकटी ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेस्टचे काम करते.

स्पिंडलच्या टेपरमध्ये (टूल होल्डर बसतो ते निमुळते भोक) एखादी चिप राहिली तर कळते का?

फिनिशवरून कळते, पण उशिरा. बीटी-४० (टूल होल्डरचा एक प्रमाणित आकार) च्या टेपरची लांबी साधारण ६५ मि.मी. आहे. आतल्या टोकाला ०.०१ मि.मी. चा कण दबला तर टूल किंचित तिरके बसते. १५० मि.मी. पुढे टूलच्या टोकाला तो तिरकेपणा दुपटीहून जास्त होतो आणि रनआउट (फिरताना टोकाची डगमग) त्याच्याही दुप्पट. भोक मोठे पडते, रीमर तुटतो आणि टेपरवर कायमचा डाग उठतो. रोज एकदा, स्पिंडल थांबवून, टेपर वायपर किंवा धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. होल्डरचा टेपर आणि पुल स्टडही (होल्डर आत ओढून धरायची खुंटी) पुसा. कॉटन वेस्ट नको, त्याचा एक धागाही चिपपेक्षा कमी नसतो.

दाराची काच धूसर झाली आहे. थिनरने पुसू का?

नको. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असते. आतून सुटलेला जॉ किंवा इन्सर्ट अडवणे हे तिचे खरे काम, बघायला मिळते ते वरकड. थिनर, पेट्रोल, तीव्र क्लीनर यांनी त्यात केसासारख्या भेगा पडतात आणि ताकद जाते. साबणाचे पाणी आणि मऊ फडके. भेगा दिसल्या, कडेला पिवळेपणा आला किंवा उत्पादकाने दिलेली मुदत संपली की बदला. जागी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवू नका, तो फुटून उडतो.

चिप्सना आग लागू शकते?

लागते, धातूनुसार. ओल्या बिडाच्या आणि लोखंडाच्या बारीक चिप्सचा मोठा ढीग गंजताना स्वतःच तापतो. म्हणून वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांना स्वतः तापणारा माल म्हणून यूएन २७९३ हा क्रमांक आहे. ढीग लहान ठेवा, कूलंट निथळू द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक भुकटीतून पाण्याशी संपर्क आल्यास हायड्रोजन निघतो, तिचे डबे घट्ट बंद करू नका. मॅग्नेशियमला आग लागली तर पाणी मारू नका, भडका होतो. वर्ग ‘डी’ चा पावडर सिलिंडर किंवा कोरडी वाळू लागते, आणि वाळू खरोखर कोरडी हवी. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच ग्राइंडरवर घासू नका, दोन्हींच्या मिसळलेल्या धुळीवर ठिणगी पडली तर ज्वाला फार तीव्र असते.

बँडसॉचे दात सारखे जातात. सफाईशी संबंध आहे का?

बहुतेकदा आहे. पात्यावरचा तारेचा ब्रश झिजून दातांपर्यंत पोहोचत नाही, दातांच्या खाचा चिपने भरलेल्या राहतात, पुढच्या फेऱ्यात त्याच चिप्सवर दात आदळतो. ब्रश फिरतो का आणि खाचेत शिरतो का, रोज बघा. पातळ पाइप कापताना कमीत कमी तीन दात मालात असतील असे पाते निवडा. पाते बदलताना मेन बंद, चष्मा आणि मोजे. गुंडाळलेले पाते सोडताना उसळते.

हात खाजतात, लाल होतात. कूलंट बदलावा का?

आधी टक्केवारी आणि पीएच मोजा, मग हात कशाने धुतात ते विचारा. केरोसीनने किंवा लाकडाच्या भुश्याने हात घासणे हेच बऱ्याचदा कारण असते. चिप्स लागलेल्या कॉटन वेस्टने हात पुसले की बारीक ओरखडे पडतात आणि कूलंट आत जातो. कामापूर्वी बॅरियर क्रीम, नंतर सौम्य साबण. चट्टे टिकले तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि कूलंटचे सुरक्षा माहितीपत्रक बरोबर न्या.

हाय-प्रेशर कूलंट किंवा हायड्रॉलिक गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक धार कातडीत शिरली तर वर टाचणीएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण तासाभरात शस्त्रक्रिया लागू शकते. थेट रुग्णालय.

मशीनच्या आत शिरून सफाई करायची असेल तर?

मेन हँडल बंद, त्याला स्वतःचे कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. दोघे आत असतील तर दोन कुलपे. इमर्जन्सी बटण पुरेसे नाही, कारण ते कुणीही फिरवून सोडू शकतो. व्हीएमसीचे हेड वजनाने खाली येऊ शकते, म्हणून टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर ते टेकवून मग मेन बंद करा. हायड्रॉलिक आणि हवेचा दाब गेजवर शून्य आलेला बघा.

खंडेनवमीला मशीन धुऊन काढतो. वर्षाची सफाई झाली ना?

बाहेरची झाली. त्या दिवशी शॉप खरोखर झळाळते, आणि सगळे एकत्र हात लावतात हे चांगलेच. काही गोष्टी मात्र टाळा. प्रेशर वॉशर मशीनवर मारू नका, पाणी स्पिंडलच्या सीलमधून आणि पॅनेलमध्ये जाते. गाईडवे, टेपर, चक यांना हळदकुंकू लावू नका. मशीनच्या बाहेरच्या अंगाला लावा. नारळ बेडवर फोडू नका. नारळपाण्यात साखर आणि क्षार असतात, दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचा ठसा उमटतो. उदबत्ती केरोसीनच्या ट्रेपासून लांब. चकला घातलेला झेंडूचा हार स्पिंडल सुरू करण्यापूर्वी काढलाच पाहिजे, आणि तो काढायची जबाबदारी नाव घेऊन एकाला द्या.

दिवाळीला आठ-दहा दिवस शॉप बंद राहील. मशीन कसे ठेवायचे?

शेवटच्या दिवशी चिप्स पूर्ण काढा, कन्व्हेयर रिकामा होईपर्यंत चालवा. कूलंटवरचे तेल स्किमरने काढा आणि टक्केवारी १ ने वाढवून ठेवा. टेबल, चक, व्हाइस कोरडे पुसून गंजरोधक तेलाचा पातळ हात द्या, स्पिंडलच्या टेपरलाही. अ‍ॅक्सिस मध्यावर आणा, व्हीएमसीचे हेड ठोकळ्यावर टेकवा. मेन आणि हवेचा व्हॉल्व्ह बंद करा, कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी सोडा.

उघडल्यावर लगेच काम सुरू करू नका. ल्युब्रिकेशन पंप हाताने चार-पाच वेळा चालवा, अ‍ॅक्सिस कमी फीडवर पूर्ण लांबीत फिरवा. स्पिंडल कमाल वेगाच्या दहा-वीस टक्क्यांपासून पंधरा-वीस मिनिटांत टप्प्याटप्प्याने वर न्या, आणि टेपरचे गंजरोधक तेल पुसल्याशिवाय टूल चढवू नका.